पॅड घातलं म्हणून टक पॉइंट वर येत नाही

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. लग्नसराई ओसरली होती, म्हणूनच या बाईंना ओघळलेल्या स्तनांची तक्रार घेऊन माझ्याकडे यायला जमलं. वय ३७, तालुक्याच्या गावात ब्लाउज शिवायचं स्वतःचं दुकान, हाताखाली दोन कारागीर. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. दोघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलेलं. धाकट्याच्या वेळी वजन ६८ किलोवर गेलं होतं, ते उतरून गेली दोन वर्षं ५६ वर टिकलेलं. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. ओळख पटेल असं बाकी काही इथे लिहीत नाही.

खुर्चीवर टेकता टेकताच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला पावणेचारशेचं इम्प्लांट बसवायचंय. बाकी काही कापाकापी नको."

३७५ सीसी, म्हणजे स्तनात बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीचं आकारमान. हा आकडा त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणाहून आणला होता. जरा मोठं इम्प्लांट घातलं की ओघळलेलं सगळं आपोआप वर येतं, स्तनाखालच्या घडीत दोन इंचांचा एक छेद, बाकी कुठे व्रण नाही, असं त्यांना तिथे सांगितलं होतं. कुणालाही ऐकायला आवडेल असंच हे आहे. शिवाय ते अर्धं खरं आहे, म्हणून तर लगेच पटतं.

तक्रार मात्र त्यांनी फार नेमकी सांगितली. स्वतःचे ब्लाउज त्या स्वतःच शिवतात आणि गेली पाच-सहा वर्षं आतून कप लावतात. कप लावला की समोरून भरलेलं दिसतं, पण कप राहतो वर आणि अंग खाली, मध्ये पोकळ. वाकलं की कप पुढे येतो. दिवसभर दुसऱ्या बायकांना बसते फिटिंग द्यायची आणि स्वतःच्या ब्लाउजात बोटं घालून कप सरळ करत बसायचं, याचा त्यांना वीट आला होता. नवऱ्याचा आग्रह आहे का, हे मी प्रत्येकीला विचारते आणि ती एकटी असतानाच विचारते. "त्यांना तर अजून सांगितलंच नाही," असं उत्तर आलं. सांगा म्हटलं, कारण नंतर सहा आठवडे घरात पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

तपासणीच्या खोलीत सिस्टर सोबत होत्या. बाईंना आरशासमोर उभं करून मी म्हटलं, "काय हवंय ते हातानं दाखवा." त्यांनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हासळीच्या हाडाखाली टेकवली आणि कातडी वर ओढली. "असं."

इतक्या वर्षांत मला या हातांवर आकड्यांपेक्षा जास्त भरवसा वाटायला लागलाय. जिला फक्त भराव हवा असतो ती तळवे खाली धरून स्तन एकत्र आणते, पुढे करते. जिचे हात कातडी वर ओढतात, तिला लिफ्ट हवी असते, म्हणजे जास्तीची कातडी काढून स्तन वर उचलणारी शस्त्रक्रिया. तोंडाने ती इम्प्लांट म्हणत असली तरी. त्यांना मी हे लगेच सांगितलं नाही. आधी टेप काढली.

हासळीच्या दोन हाडांमधल्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत उजवीकडे २४ सेंटिमीटर, डावीकडे साडेबावीस. साधारण १५७ सेंटिमीटर उंचीच्या बाईत हे अंतर १९ ते २१ च्या आसपास असतं. स्तनाच्या तळाची रुंदी दोन्हीकडे साडेबारा. स्तनाग्रापासून घडीपर्यंत कातडी ताणून मोजली तर उजवीकडे ९, डावीकडे ८. वरच्या भागाची चिमूट घेतली तर जेमतेम दीड सेंटिमीटर, म्हणजे वर आवरण असं फारसं उरलेलंच नाही. स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाच्या कडेला धरून कातडी पुढे ओढली तर ती जवळजवळ ४ सेंटिमीटर येत होती आणि सोडल्यावर सावकाश, आळसावल्यासारखी मागे जात होती. बाळंतपणातले पांढरे चरे पोटावर होते तसेच स्तनांवरही होते. ते वर्तुळही ताणून साडेपाच सेंटिमीटर झालेलं.

सगळ्यात महत्त्वाच्या मापाला टेपसुद्धा लागत नाही. स्तनाखालच्या घडीत पट्टी आडवी धरायची आणि स्तनाग्र तिच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली, ते बाजूने बघायचं. मॉन्ट्रियलच्या प्लास्टिक सर्जन पोल रेनो यांनी १९७६ मध्ये यावरून ओघळीच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही जगभर वापरल्या जातात. स्तनाग्र घडीच्या बरोबरीला आलं की पहिली पायरी. १ ते ३ सेंटिमीटर खाली गेलं, पण अजून समोर बघतंय, तर दुसरी. त्याहून खाली उतरून जमिनीकडे बघायला लागलं की तिसरी. आणि स्तनाग्र घडीच्या वरच आहे, फक्त खालचा भाग लोंबतोय, तर ती खोटी ओघळ. तिथे नुसतं इम्प्लांट बहुतेक वेळा छान काम करतं.

बाईंचं डावं स्तनाग्र बरोबर घडीला होतं, उजवं दीड सेंटिमीटर खाली. डावी बाजू पहिल्या पायरीवर, उजवी दुसऱ्या. बाई एक, बाजू दोन आणि उत्तरंही दोन. हे प्रकरण लिहायला घेतलं ते यासाठीच. तिसऱ्या पायरीवर कुणी आलं तर वाद उरत नाही, लिफ्ट लागतेच. खरी पंचाईत होते ती या मधल्या पट्ट्यात. इथे दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात आणि रुग्णाला वाटतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

(घडीत पेन्सिल धरून बघायची इंटरनेटवरची चाचणीही त्यांनी घरी केली होती. पेन्सिल अडकून राहिली म्हणून रडल्या होत्या. त्या चाचणीवरून घडी आहे एवढंच कळतं. अंगाने जरा भरलेल्या, अजिबात न ओघळलेल्या बाईचीही पेन्सिल अडकते.)

कपडे घालून त्या बाहेर येऊन बसल्यावर मी कागद ओढला आणि नेहमीचं चित्र काढायला घेतलं. इम्प्लांटने पिशवी भरते. पिशवी भरली की सैल कातडीचा थोडा भाग त्यात खर्ची पडतो, म्हणून जरा उचलल्यासारखं दिसतं. पण हासळीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर त्याने कमी होत नाही. कातडी ताणली जाते म्हणून ते उलट किंचित वाढतं. मी एवढ्यावर आले आणि त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे टक पॉइंट खालीच राहणार."

ज्यांचा शिवणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं माप म्हणजे टक पॉइंट. ब्लाउजचे टक्स या टोकाच्या रोखाने घेतात. तो अर्धा इंच चुकला तरी ब्लाउज समोरून फसतो. बाईंच्या मापाच्या वहीत त्यांचं स्वतःचं पान आहे. लग्नाच्या वेळी टक पॉइंट साडेनऊ इंच. आता उजवीकडून अकरा.

"पॅड घातलं म्हणून टक पॉइंट वर येत नाही हो," त्या म्हणाल्या. "जाड पॅड घातलं तर टोक अजूनच खाली बघतं. दुकानात नवी पोर शिकायला आली की हीच चूक करते."

मी पेन खाली ठेवलं. वीस मिनिटांचं बोलणं वाचलं होतं.

पटणं एक आणि मान्य होणं दुसरं. त्यांना पटलं होतं, मान्य नव्हतं. लिफ्ट म्हणजे व्रण. वर्तुळाभोवती गोल, तिथून खाली घडीपर्यंत उभा, आणि ओघळ जास्त असेल तर घडीतून आडवाही, म्हणजे उलट्या टी अक्षरासारखा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर व्रण गोऱ्या कातडीपेक्षा जास्त काळ गडद राहतात, काहींचे जाड होतात. त्यांच्या कानाच्या पाळीला आणि पहिल्या सिझेरियनच्या जागी मी मुद्दाम नीट बघितलं. सिझेरियनची रेघ बारीक, सपाट, कातडीच्याच रंगाची झालेली. हा चांगला संकेत, पण हमी नव्हे. पोटाच्या खालच्या भागावरचा व्रण आणि छातीवरचा व्रण यांच्यात फरक पडतो.

मग त्यांनी मधला रस्ता सुचवला, जो बहुतेक जणी सुचवतात. नुसतं वर्तुळाभोवती कापून उचलता येत नाही का? १९९० मध्ये पॅरिसचे सर्जन बेनेली यांनी या पद्धतीला नीट रूप दिलं. वर्तुळाभोवती मोठ्या गोलाची कातडी काढायची आणि बाहेरची कड न विरघळणाऱ्या दोऱ्याने बटव्यासारखी आवळून लहान गोलाला जोडायची. व्रण फक्त वर्तुळाच्या कडेला, रंग बदलतो तिथेच लपलेला. कागदावर झकास दिसतं. पण मोठा गोल लहान गोलाला जोडला की चुण्या पडतात, हे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला काय सांगायचं? शिवाय ही पद्धत स्तनाचं टोक पुढून चपटं करते, आणि आत इम्प्लांट बाहेरून दाबत असेल तर वर्षभरात वर्तुळ पसरतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उचलायचं असेल तर मी ती करते. दोन-तीन सेंटिमीटरसाठी नाही. "पफ बाहीला चुण्या शोभतात, इथे नाही," असं म्हणून त्यांनी तो विषय स्वतःच संपवला.

पुढचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला तो मला खरंच अडवणारा होता. "डावीकडे नुसतं इम्प्लांट, उजवीकडे दोन्ही, असं का नाही करत? निदान एका बाजूला तरी शिवण नको."

करता येतं. काही जण करतात. पहिल्या सहा महिन्यांत छानही दिसतं. पण लिफ्ट केलेल्या बाजूची कातडी घट्ट धरून राहते आणि न केलेल्या बाजूची त्याच इम्प्लांटच्या वजनाने हळूहळू खाली येते. आज बरोबर जुळवलेल्या दोन बाजू तीन वर्षांनी वेगळ्या चालीने म्हाताऱ्या होतात. त्यांची डावी बाजू पहिल्या पायरीची होतीच, तिची कातडीही ताठ असती, तर मी विचार केला असता. पण ४ सेंटिमीटर पुढे येणारी कातडी म्हणजे जुन्या ब्लाउजचा सैल झालेला इलॅस्टिक. त्याच्या भरवशावर मी पाव किलोचं वजन टांगणार नाही. दोन्हीकडे उभा छेद, डावीकडे कमी कातडी काढायची, असं मी सुचवलं.

आणि ३७५ का नाही? मोठ्या इम्प्लांटने लिफ्ट टाळायची, हा मोह सर्जनलाही होतो. शस्त्रक्रिया सोपी, वेळ निम्मा, रुग्ण पहिल्या दिवशी खूश. पण साडेबारा सेंटिमीटर रुंदीच्या स्तनात त्याहून रुंद इम्प्लांट कोंबलं की ते बगलेत सरकतं किंवा घडी फोडून खाली उतरतं. आणि वर स्नायूखाली इम्प्लांट घट्ट बसलं, पण सैल मांस त्याच्यावरून घसरून खाली लोंबलं, तर बाजूने बघताना दोन उंचवटे दिसतात, वर एक गोळा आणि खाली ओघळलेला स्तन. तेलकट केसांवरून पदर घसरावा तसं ते दिसतं. असं दुरुस्त करायला आलेल्या बायकांना शेवटी लिफ्टच करावी लागते. फक्त आता ताणून आणखी पातळ झालेल्या कातडीवर.

त्यांना मी तिसरी वाटही सांगितली, आणि खरं तर माझा कल तिकडेच होता. आधी नुसती लिफ्ट, सहा महिने थांबायचं, मग हवंसं वाटलं तर इम्प्लांट. कारण या दोन शस्त्रक्रिया एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. लिफ्ट कातडी कमी करून घट्ट करते आणि इम्प्लांट तीच कातडी आतून ताणतं. स्तनाग्राला रक्त पुरवणाऱ्या काही वाहिन्या इम्प्लांटची जागा करताना जातात, काही लिफ्टचे छेद घेताना. दोन्ही एका दिवशी केलं तर उरलेल्या वाहिन्यांवर सगळी मदार. अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन स्कॉट स्पिअर यांनी २००३ मध्ये या एकत्र शस्त्रक्रियेबद्दल सर्जनना सावध करणारं संपादकीय लिहिलं होतं. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारलं, तरी पुन्हा थोडंफार दुरुस्त करावं लागण्याचं प्रमाण आजही एकट्या इम्प्लांटपेक्षा किंवा एकट्या लिफ्टपेक्षा यात जास्त आहे.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हिशेब मांडला. दोनदा भूल, दोनदा हॉस्पिटल, दोनदा दुकान बंद. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम नाही, वर १८ टक्के जीएसटी. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, काम त्यातल्या त्यात हलकं असतं, तोच काय तो वेळ. दुसरी खेप पुढच्या चातुर्मासात, म्हणजे वर्षभर वरचा भाग रिकामाच. नुसत्या लिफ्टने टोक वर येतं, पण हासळीखालची पोकळी भरत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. "मग एकदाच करा," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणायच्या आधी एक प्रश्न राहिला होता.

"सिगारेट, तंबाखू?"

"छे, छे."

"मिश्री?"

त्यांनी सिस्टरांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे. "सकाळी एकदाच. आणि दुपारी जेवल्यावर."

आमच्या भागात हा प्रश्न तंबाखूच्या प्रश्नात धरून चालत नाही, वेगळा विचारावा लागतो. भाजलेली तंबाखू दात घासायला वापरली की ती कुणाच्याच लेखी तंबाखू राहत नाही. आजी लावायची, आई लावते, पोट साफ होतं. पण हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. इम्प्लांट आणि लिफ्ट एकत्र करताना स्तनाग्र ज्या चार-दोन वाहिन्यांवर जगणार असतं, त्याच या वाहिन्या. परदेशी लेखात सिगारेटबद्दल पानंच्या पानं असतात, मिश्रीचं नावही सापडत नाही.

म्हणून अट घातली. सहा आठवडे मिश्री पूर्ण बंद. शस्त्रक्रियेच्या आधी लघवीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा अंश, तपासायचं. पॉझिटिव्ह आलं तर तारीख रद्द, पैसे परत, भांडण नाही. आणि भूल दिल्यावरही टेबलावर मला स्तनाग्राचा रंग आवडला नाही, तर मी एकच काम करून थांबेन. दुसरं पुढच्या वर्षी. हे संमतीपत्रावर मराठीत लिहून घेतलं.

मधल्या काळात सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी दोन्ही करून घेतल्या. सख्ख्या मावशीला पन्नाशीत स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि इम्प्लांटनंतरच्या चित्रांशी पडताळायला आधीचं चित्र हाताशी असलेलं बरं. दोन्ही अहवाल स्वच्छ आले.

आकाराचा प्रश्न त्यांनी घरीच सोडवला. पायमोज्यात तांदूळ मोजून भरायचे, पुरचुंडी बांधायची आणि ब्रामध्ये घालून दिवसभर वावरायचं, असं मी सगळ्यांना सांगते. तांदूळ इम्प्लांटमधल्या जेलपेक्षा हलका असतो, पण अंदाज येतो. त्यांनी तीन जोड्या केल्या, २००, २५० आणि ३५०. मोठी जोडी घालून त्या मशीनवर बसल्या आणि संध्याकाळी मानेला शेक घेऊन झोपल्या. "खाली बघून काज करायचं तर पावणेचारशे नको," असा निरोप फोनवर आला. रुंदीच्या मापावरून मी काढलेला आकडाही त्यांच्या मधल्या जोडीच्या जवळपासच येत होता, साडेअकरा सेंटिमीटर व्यासाचं, मध्यम उंचीचं, २५५ सीसी.

पृष्ठभाग गुळगुळीत. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मिळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) होतो हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेने, सांगितल्यावरून अ‍ॅलरगन कंपनीने बायोसेल जातीची इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली. २०२१ मध्ये एफडीएने सगळ्याच स्तन-इम्प्लांटवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यात पहिलंच वाक्य, इम्प्लांट जन्मभर पुरणारी वस्तू नाही. १९६२ मध्ये ह्यूस्टनमध्ये पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं गेलं, तेव्हापासून पुष्कळ बदललं, हे बदललेलं नाही. ३७ व्या वर्षी बसवलेलं इम्प्लांट पुढे कधीतरी काढावं किंवा बदलावं लागेल, हे धरूनच चालायचं. जेलचं इम्प्लांट फुटलं तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. लिफ्टला असला मागचा खर्च नसतो. हा फरक मी फी सांगायच्या आधी सांगते.

कोटिनिन निगेटिव्ह आलं. जुलैच्या मध्यावर, सकाळी साडेसातला, त्यांना उभं करून मार्करने रेघा मारल्या. आडवं झाल्यावर स्तन पसरतात, तेव्हा मारलेल्या रेघांना अर्थ नसतो. नव्या स्तनाग्राची जागा दोन्हीकडे खळगीपासून २१ सेंटिमीटरवर. त्यांनी मान खाली घालून आरशात रेघा बघितल्या आणि म्हणाल्या, "उजवीकडची रेघ पाव इंच बाहेर गेलीय." टेप लावून पाहिली. गेली होती. पुसून परत मारली.

आधी इम्प्लांट. वरचा अर्धा भाग छातीच्या स्नायूखाली, खालचा स्तनाच्या मांसाखाली. अमेरिकेतले सर्जन टेबेट्स यांनी २००१ मध्ये मांडलेली ही दुहेरी थराची पद्धत. वरची चिमूट दीडच सेंटिमीटर असताना स्नायूचं पांघरूण हवंच, नाहीतर इम्प्लांटची कड हाताला लागते. इम्प्लांट आत गेल्यावर टेबलाची पाठ उचलून त्यांना बसतं केलं आणि कातडी न कापताच रेघांवर स्टेपलर मारून घडी घातली. कच्चे टाकेच ते. पायाशी जाऊन लांबून बघायचं, स्टेपल काढायचे, जरा सैल करायचे, परत मारायचे. डावीकडे दोनदा, उजवीकडे चारदा. आखलेल्यापेक्षा उजवीकडे अर्धा सेंटिमीटर कमी कातडी काढली, कारण इम्प्लांट आत गेल्यावर ताण वाढला होता. कागदावरचं माप आणि अंगावरचं माप जुळत नाही, तेव्हा अंगावरचं ऐकायचं. स्तनाग्रं गुलाबी होती, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत. पुढे गेले. दोन तास चाळीस मिनिटं लागली.

बाराव्या दिवशी उजवीकडच्या उभ्या शिवणीचं खालचं टोक सेंटिमीटरभर उसवलं. ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो, त्यामुळे हे मला नवं नव्हतं. साध्या ड्रेसिंगने तीन आठवड्यांत भरलं, इम्प्लांटपर्यंत गेलं नाही. दुसऱ्या ड्रेसिंगला त्या स्वतःहून म्हणाल्या, "पाचव्या दिवसापासून दोनदा लावली मिश्री. शौचाला होत नव्हतं." त्यामुळेच उसवलं असं मी म्हणणार नाही, मिश्री कधीच न लावणाऱ्यांचंही तिथे उसवतं. पण बद्धकोष्ठाचं औषध पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं. आता देते.

डावीकडच्या शिवणीच्या खालच्या टोकाला कातडीची छोटी चुणी राहिली होती. त्यांनी ती तिसऱ्या आठवड्यात बोटाने दाखवली, "इथे कापड जास्त झालंय." सहा महिन्यांत बसेल म्हटलं. बरीचशी बसली, सगळी नाही. आठव्या महिन्यात ती जागा बधिर करून वीस मिनिटांत काढली.

वर्षभराने आल्या तेव्हा डावा व्रण फिकट झालेला होता. उजवा खालच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर रुंद आणि अजून गडद. व्रणांवर सिलिकॉनची पट्टी त्यांनी सुरुवातीला नेमाने लावली, मग दिवाळीच्या गर्दीत सुटली. उजव्या स्तनाग्राची संवेदना निम्मी परत आली होती. बाकी परत येईल का, यावर मी वर्षभरानंतर फारशी आशा दाखवत नाही. खळगीपासूनचं अंतर डावीकडे २१, उजवीकडे साडेएकवीस. ब्लाउजला कप लावणं बंद झालं होतं. नवऱ्याने व्रणांबद्दल काय म्हटलं हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. तो काहीच म्हणाला नाही, आणि तेच त्यांना बरं वाटलं.

माझी मापं लिहून झाल्यावर त्यांनी पर्समधून स्वतःची टेप काढली, इंचाची, टोकाला झिजलेली. आरशात बघत खांद्यावरून खाली धरली. डावीकडे साडेनऊ. उजवीकडे पावणेदहा.

"पाव इंच राहिला," मी म्हटलं.

"तेवढा मी टक्समध्ये धरते," त्या म्हणाल्या आणि टेप गुंडाळली.